उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बायबलमधल्या सृष्टीच्या कथेवर लेख आला होता, त्यात लेखकांनी अगदी ठासून लिहिलंय की उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने ज्या क्रमाने जग केलं तोच क्रम आज विज्ञान सांगतं, त्या कथेत एकही विसंगती नाही आणि ज्यांना दिसते त्यांच्या विश्वासातच खोट आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातली, आमच्या मंडळीत संडे स्कूलच्या पोरांना शिकवते, आणि ते विश्वासात खोट असल्याचं वाक्य मला फार लागलं म्हणून लिहितेय. उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय जो कुणी सलग, घाई न करता वाचेल त्याला विसंगती दिसणारच, मग तो विश्वासी असो नाहीतर नसो. ती दिसली म्हणजे त्याने मन लावून वाचलं एवढाच अर्थ होतो.

पहिला अध्याय बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो. "प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी ही उत्पन्न केली." पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करणारं अंतराळ, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन आणि लगेच त्याच दिवशी गवत, बी देणाऱ्या वनस्पती, फळझाडं. चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. पाचव्या दिवशी पाण्यातले जीव नि पाखरं, सहाव्या दिवशी गुरं, सरपटणारे प्राणी, रानातली जनावरं आणि सगळ्यात शेवटी माणूस, नर आणि नारी दोघं एकदमच. सातव्या दिवशी विसावा. आता सूर्य जर चौथ्या दिवशी झाला तर आधीच्या तीन दिवशी "संध्याकाळ झाली व सकाळ झाली" असं जे प्रत्येक वेळी लिहिलंय ती संध्याकाळ कशाची आणि सकाळ कशाची, हा प्रश्न सहावीतलं पोरगंसुद्धा विचारतं आणि त्याने तो विचारलाच पाहिजे.

लेखक म्हणतात क्रम विज्ञानाशी जुळतो. कुठे जुळतो? सूर्य साधारण ४६० कोटी वर्षांचा आणि पृथ्वी त्याच्या थोडी मागाहूनची, इथे आधी पृथ्वी मग सूर्य. फुलं-फळं येणारी झाडं जगात आली ती माशांच्या कितीतरी कोटी वर्षं नंतर, इथे फळझाडं तिसऱ्या दिवशी आणि मासे पाचव्या. पाखरं जमिनीवरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांपासून झाली, इथे पाखरं आदल्या दिवशी आणि सरपटणारे दुसऱ्या दिवशी. पाचव्या दिवशी मोठमोठे जलचर केले असं लिहिलंय, त्यात देवमासा धरला तर त्याचे पूर्वज जमिनीवर चालणारे चार पायांचे प्राणी होते, म्हणजे तोही उलटाच. "एक दिवस म्हणजे लाखो वर्षं समजा" म्हणून हे सुटत नाही कारण दिवस कितीही ताणला तरी कोण आधी कोण नंतर ते बदलत नाही, आणि सूर्याशिवाय लाखो वर्षं झाडं कशी जगली हा नवीनच प्रश्न उभा राहतो. आधी प्रकाश झाला एवढी एक गोष्ट विश्वाच्या सुरुवातीच्या महास्फोटाशी (बिग बँगशी) जुळल्यासारखी वाटते म्हणून लोक तेवढीच उचलतात आणि बाकीचं सोडून देतात, हे मला पटत नाही, पवित्र शास्त्र वाचायचं तर सगळं वाचायचं.

पण माझ्या मते विज्ञानाशी जुळतं का हा भाग दुय्यम आहे. खरी गोष्ट पुढच्या पानावर आहे, आणि तिथे विज्ञानाची गरजच नाही, नुसतं बायबल पुरे.

संडे स्कूलला मी फळ्यावर मधोमध रेघ मारते, एका बाजूला पहिला अध्याय आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि पोरांनाच वाचून सांगायला लावते की काय आधी काय नंतर, मी फक्त खडूने लिहिते. डाव्या बाजूला वर सांगितलं तेच उतरतं. उजव्या बाजूला दुसऱ्या अध्यायाच्या ४थ्या वचनापासून जे उतरतं ते असं, की शेतात अजून एक झुडूप नाही की रोप नाही कारण पाऊस पडलेला नाही आणि जमीन कसायला माणूस नाही, मग देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, मग एदेनात बाग लावतो आणि झाडं उगवतो, मग म्हणतो माणसाने एकटं असावं हे बरं नाही, आणि मग, लक्ष देऊन वाचा, मग मातीतूनच रानातली जनावरं आणि आकाशातली पाखरं घडवून त्याच्यापुढे आणतो की हा त्यांना काय नावं देतो बघू. त्यातलं कुणी त्याला जोडीदार म्हणून शोभत नाही, तेव्हा त्याला गाढ झोप आणून त्याची फासळी काढून बाई घडवतो. म्हणजे डावीकडे झाडं, जनावरं, मग स्त्री-पुरुष एकत्र. उजवीकडे पुरुष, झाडं, जनावरं आणि अगदी शेवटी स्त्री. डावीकडे सगळं पाण्याने भरलेलं आणि त्यातून जमीन वर येते, उजवीकडे पावसाचा थेंब नसलेली कोरडी जमीन. डावीकडचा देव बोलतो आणि होतं, उजवीकडचा देव कुंभारासारखा हात मातीत घालतो, बागेत झाडं लावतो, तिसऱ्या अध्यायात तर दिवस कलल्यावर गार वाऱ्याला बागेतून फिरतो आणि आदामाला, म्हणजे त्या पहिल्या माणसाला, हाक मारतो, तू कुठे आहेस म्हणून. एकदा आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली टीचर ह्या दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या गोष्टी आहेत. तिला कुणी शिकवलं नव्हतं.

यावर नेहमीचं उत्तर असं देतात की दुसरा अध्याय म्हणजे सहाव्या दिवसाचंच जवळून घेतलेलं चित्र आहे, वेगळी कथा नाहीच. मी हे उत्तर हसण्यावारी नेणार नाही, शिकले-सवरलेले लोक ते मनापासून देतात. झाडांच्या बाबतीत त्यात थोडा दमही आहे, म्हणजे फक्त "शेतातलं" झुडूप तेवढं नव्हतं, रानातली झाडं तिसऱ्या दिवशीच झाली होती असं म्हणता येतं. पण जनावरांचं काय? तिथे कारणच सांगितलंय, माणूस एकटा आहे हे बरं नाही म्हणून जनावरं घडवली. ती आधीच घडवलेली असतील तर त्या वाक्यांना अर्थ राहत नाही. आणि पाखरं तर पहिल्या अध्यायात आदल्या दिवसाची आहेत, ती सहाव्या दिवसाच्या चित्रात बसतच नाहीत. शिवाय एका दिवसात सगळ्या जनावरांना, पाखरांना नावं देऊन झाली, एकटेपणा कळला, झोप लागली, बाई घडली, हे सगळं उजेड असेपर्यंत, असं मानावं लागतं. मानायचं तर माना, पण "विसंगती नाहीच" असं म्हणू नका, "विसंगती दिसते आणि आम्ही ती अशी सोडवतो" असं म्हणा.

पुढचे प्रश्न तर घरोघरी विचारले जातात. देवाने आदामाला सांगितलं ज्या दिवशी तू या झाडाचं फळ खाशील त्या दिवशी मरशील, आणि पाचव्या अध्यायात आदाम ९३० वर्षं जगला. आत्मिक मरण म्हणायचं होतं असं आपण सांगतो. आदामाचा मुलगा काइन, त्याने आपल्या भावाला, हाबेलाला मारलं, आता जगात आई, बाप आणि तो, तरी तो देवाला म्हणतो मी ज्याला सापडेन तो मला मारून टाकील. कोण सापडणार? मग तो नोद देशात जातो, त्याला बायको आहे, मुलगा होतो आणि तो चक्क नगर बांधतो. तिघाचौघांसाठी नगर कशाला?

हे प्रश्न आजकालच्या नास्तिकांनी काढले असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या एका यहुदी ग्रंथात या दोन्हींची उत्तरं द्यायचा प्रयत्न आहे. काइनाची बायको त्याची सख्खी बहीणच होती, तिचं नाव आवान असं तिथे लिहिलंय, आणि आदामाबद्दल म्हटलंय की देवाजवळ हजार वर्षं म्हणजे एक दिवस, आदाम हजाराला ७० कमी असतानाच गेला म्हणजे त्याच "दिवशी" गेला. उत्तर पटो न पटो, पण येशूच्या जन्माआधी यहुदी विद्वानांना प्रश्न पडला होता आणि त्यांनी तो दाबला नाही. बहिणीचं उत्तर आजही पुष्कळ पाळक देतात, कारण पाचव्या अध्यायात आदामाला मुलं-मुली झाल्याचं आहे, पण मग बायबलातल्याच लेवीय पुस्तकाच्या १८व्या अध्यायात बहिणीशी संबंध कडक मना केलाय त्याचं काय, हे पोरं विचारतात, आणि तिथे बहुतेक वर्गांत त्यांना खाली बसायला सांगतात.

१६५५ साली इझाक ला पेरेर नावाच्या फ्रेंच माणसाने वेगळंच उत्तर काढलं, की आदामाच्या आधीही माणसं होती, पहिल्या अध्यायातली वेगळी आणि दुसऱ्यातला आदाम वेगळा, म्हणून काइनाला बायको मिळाली आणि नगराला माणसं मिळाली. पुस्तक जाळलं गेलं, त्याला धरलं आणि शेवटी रोमला जाऊन त्याला आपलं मत मागे घ्यावं लागलं. १९व्या शतकात हीच कल्पना अमेरिकेत काही लोकांनी उचलली ती काळ्या माणसांना आदामाच्या वंशातून वगळायला. म्हणून मी म्हणते उत्तर घाईने चिकटवू नये, एक विसंगती बुजवायच्या नादात माणसं किती भलतीकडे जातात ते इतिहासात दिसतं.

लेखकांनी आपल्याच विश्वासातल्या मोठ्या लोकांकडे बघावं अशी माझी विनंती आहे. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ओरिजेन, ज्याने विश्वासासाठी तुरुंगात छळ सोसला, त्याने सरळ विचारलं होतं की सूर्य-चंद्र-तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस आणि त्यांची संध्याकाळ-सकाळ झाली असं कुठला समजदार माणूस मानेल, आणि देवाने शेतकऱ्यासारखी बाग लावली असं अक्षरशः कोण धरेल. संत ऑगस्टीन पुन्हा पुन्हा उत्पत्तीवर लिहीत राहिला, त्याचं मत असं की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं, सहा दिवस हे आपल्याला समजावं म्हणून. आणि त्याने जो इशारा दिलाय तो आपल्या प्रत्येक चर्चमध्ये वाचून दाखवला पाहिजे, की आकाश, पृथ्वी, तारे यांच्याबद्दल बाहेरच्या माणसाला पक्कं ज्ञान असतं आणि आपण शास्त्राचा हवाला देऊन त्याच्यापुढे चुकीचं बोललो तर पुनरुत्थानाबद्दल, सार्वकालिक जीवनाबद्दल तो आपल्या शास्त्रावर कसा विश्वास ठेवेल? हे त्याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं. ११व्या शतकातला यहुदी भाष्यकार राशी तर पहिल्याच वचनाखाली म्हणतो की हे वचन निर्मितीचा क्रम शिकवत नाही, कारण दुसऱ्या वचनात देवाचा आत्मा पाण्यावर आहे आणि पाणी कधी निर्माण केलं ते सांगितलेलंच नाही. मला तरी हे वाचून केवढा धीर आला.

मग १७५३ साली झां आस्त्र्युक, राजे पंधरावे लुई यांच्या वैद्यांपैकी एक, त्याने नाव न घालता एक पुस्तक काढलं. त्याला बायबल खोटं पाडायचं नव्हतं, उलट मोशेनेच उत्पत्ती लिहिली ही जुनी समजूत त्याला वाचवायची होती. त्याने पाहिलं की पहिल्या कथेत निर्माणकर्त्याला नुसतं "देव" म्हटलंय आणि दुसऱ्या अध्यायाच्या ४थ्या वचनापासून "परमेश्वर देव". आपल्या मराठी बायबलातही हा फरक जसाच्या तसा आहे, उघडून बघा. त्यावरून तो म्हणाला मोशेजवळ आधीची जुनी लिखाणं होती आणि त्याने ती एकत्र केली. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत जर्मन अभ्यासकांनी हा धागा खूप लांब नेला, त्यातले सगळे तपशील आज कुणी मानत नाही, पण उत्पत्तीच्या सुरुवातीला दोन वेगळ्या कथा शेजारी ठेवल्यात हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात, त्यात पाळक आणि फादरही आले. पोप बारावे पायस यांनी १९४३ सालीच कॅथलिक अभ्यासकांना सांगितलं की जुन्या काळचे लोक कुठल्या पद्धतीने लिहायचे ते ध्यानात घेऊन शास्त्राचा अर्थ लावा.

पहिली कथा यहुदी लोकांच्या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासाच्या आसपास आजच्या रूपात आली असं पुष्कळजण मानतात. इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, लोकांना धरून बाबेलला नेलं. तिथे कथा काय ऐकायला मिळायची तर त्यांचा देव मर्दुक याने तियामत या समुद्रदेवीला मारून तिचं अंग उभं चिरलं आणि अर्ध्याचं आकाश केलं, आणि माणूस घडवला तो एका मारलेल्या देवाच्या रक्तातून, देवांची कामं करायला. तिथे सूर्य देव, चंद्र देव. आता या लोकांमध्ये बसून कुणीतरी लिहितोय की पाणी वेगळं झालं ते लढाईशिवाय, नुसत्या शब्दाने, सूर्य आणि चंद्र यांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत, एक मोठी ज्योती आणि एक लहान, त्याही चौथ्या दिवशी, आणि माणूस, बाईसुद्धा, देवाच्या प्रतिरूपाचा. हे कळल्यावर सूर्य चौथ्या दिवशी का, याचा मला उलगडा झाला. ज्याची पूजा करायला जेते भाग पाडतील त्याला लिहिणाऱ्याने मुद्दाम उशिरा आणि कामाला लावून ठेवलंय. तुमच्या लेखकांच्या पद्धतीने वाचलं तर हे सगळं हातातून निसटतं, आणि उरतं काय तर पास न होणारा सायन्सचा पेपर.

हट्टाने वाचलं की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावचं. जुलै १९२५, जॉन स्कोप्स नावाच्या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला माणूस, बायबलच्या बाजूने उभा, आणि बचाव पक्षाच्या क्लॅरेन्स डॅरोने त्यालाच साक्षीला बोलावलं, कोर्टाच्या आवारात हिरवळीवर, लोकांच्या गर्दीसमोर. काइनाला बायको कुठून मिळाली असं विचारल्यावर ब्रायन म्हणाला तिला शोधायचं काम मी अज्ञेयवाद्यांवर (देव आहे की नाही ते कळूच शकत नाही म्हणणाऱ्यांवर) सोडतो. सूर्याआधी संध्याकाळ-सकाळ कशी, यावर त्याला कबूल करावं लागलं की ते दिवस २४ तासांचे असतीलच असं नाही. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला, पुढे १९२७ ला तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला, आणि ब्रायन खटल्यानंतर पाचच दिवसांत वारला. मला ब्रायनबद्दल वाईट वाटतं. बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा नियम म्हणून गरिबांना चिरडणाऱ्या विचाराची त्याला खरी भीती होती आणि ती भीती खोटी नव्हती. पण त्याने ती लढाई काइनाच्या बायकोवर आणि दिवसाच्या तासांवर नेऊन ठेवली आणि तिथे तो हरणारच होता.

आपल्याकडे प्रश्न विचारायची परंपरा नाही असंही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंना, सिस्टरना प्रश्न विचारायला लागल्या, एका पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले ते दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायला नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून कळवलं. त्याच रमाबाई पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, १९२२ ला जाईपर्यंत. त्यांच्या प्रश्नांनी त्यांचा विश्वास कमी झाला असं कोण म्हणेल? आणि जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ब्रह्मदेवाच्या मुखातून, बाहूंतून, मांड्यांतून, पायांतून माणसं झाल्याच्या गोष्टीला असेच रोखठोक प्रश्न विचारले, तेव्हा आपण ख्रिस्ती लोक त्यांचं कौतुक करतो. मग तोच न्याय आपल्या पुस्तकाला लावायला कचरायचं का?

पुढे महापुराच्या कथेत नोहाच्या तारवात (जहाजात) प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी घ्यायची की शुद्ध प्राण्यांच्या सात-सात, पाऊस ४० दिवस की पाणी १५० दिवस, हे सगळं मी मुद्दाम सोडून देतेय, पत्र आधीच लांबलंय.

संपादक साहेब, माझी मागणी एवढीच आहे की ज्या पुरवणीत तो लेख छापला तिच्यातच उत्पत्ती १:१ ते २:३ एका कॉलममध्ये आणि २:४ ते २:२५ शेजारच्या कॉलममध्ये छापा, काही टीका-टिप्पणी न करता, मराठी बायबलातून जसंच्या तसं. आणि लेखकांना माझा एक प्रश्न कळवा. पाखरं माणसाच्या आधी झाली की नंतर, हे त्यांनी दोन्ही अध्यायांची वचनं देऊन मला समजावून सांगावं. त्यांचं उत्तर आलं की ते मी वर्गात पोरांना वाचून दाखवीन आणि पोरं जे म्हणतील ते तुम्हाला लिहून पाठवीन.

आपली,
एक संडे स्कूल शिक्षिका,
जि. अहिल्यानगर